बारशाआधीचं नाव

आमच्या घरी कुणी गेलं की किती रडायचं, हे आत्या ठरवत असे. म्हातारं माणूस गेलं तर तेराव्यापर्यंत. तेराव्याचं गोड जेवण झालं की डोळे पुसायचे आणि कामाला लागायचं. कर्ता माणूस किंवा सवाष्ण गेली तर थोडी सूट मिळे. आणि बारसं व्हायच्या आत मूल गेलं तर काहीच नाही. त्याला चिता नाही, पिंड नाही, श्राद्ध नाही, म्हणून रडणंही नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, ऐन तारुण्यात विधवा होऊन भावाकडे आलेली. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. साहेबाच्या हुकमांच्या नकला दिवसभर सुबक अक्षरात उतरवायचे, पण घरात पाऊल टाकलं की आत्याचा हुकूम चाले आणि त्यावर अपील नव्हतं. मी पुढे नोकरीभर मुलींच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. माणूस का रडतो, रडू दिलं नाही तर त्याचं काय होतं, यावर तास तास बोलले. पण तो विषय मी शिकले बऱ्हाणपुरात, आमच्या स्वयंपाकघरात, आणि फार वाईट रीतीनं शिकले.

राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. मागच्या मोहल्ल्यात मोमिनांचे हातमाग होते. त्यांची खटखट सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत चालायची. मधे मिलचा भोंगा व्हायचा, दुपारी बहादरपूरच्या बाया केळीच्या टोपल्या घेऊन हाळी घालत यायच्या, आणि या सगळ्यावर वरताण आमची आई. आई बडबडी होती. पीठ मळताना पिठाशी बोलायची, चूल धुपायला लागली की चुलीला दटावायची, केळीवालीशी भाव करता करता तिच्या सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन पोचायची. फक्त मांडे करताना ती गप्प असे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा, तेवढा वेळ तिचे ओठ मिटलेले असत. मांडा खापरावर पडला की तोंड पुन्हा सुरू. बाबा म्हणायचे, हिला रोज मांडे करायला लावा, घराला जरा शांतता मिळेल.

मी परकरातून लुगड्यात जायच्या वयाची होते तेव्हा आईला मुलगी झाली. माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत बाज टाकली होती, बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी. विटाळ म्हणून मला दारातूनच बघायला मिळे. आई बाळाला अंगाशी धरून त्याच्या कानात सारखी काहीतरी पुटपुटत असायची. आत्यानं मेथीचे आणि डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता, शेजारून पाळणा आणून घासून ठेवला होता. बारसं दोन दिवसांवर आलं आणि बाळ तापलं. दूध तोंडात धरेना. सकाळचा भोंगा झाला तेव्हा ते आईच्या मांडीवर गार झालेलं होतं. आत्यानं ते बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलं आणि शेजाऱ्याच्या हातात दिलं. लहान मुलांना जाळत नाहीत. शेजारी ते तापीच्या काठाला कुठेतरी पुरून आला. आई बाजेवरून उठून भिंत धरत दारापर्यंत आली.

"कुठं नेली तिले?" तिनं विचारलं.

"विचारायचं नसते वं ते," आत्या म्हणाली. "आणि रडायचं तं मुळीच नाही. तू रडली तं ते पोर वर जात नाही, घरातच घुटमळून राह्यते. मुलगीच तं होती. जा, पड जाऊन."

दुधाला मात्र बाळ गेल्याचं कळलं नव्हतं. ते येतच राहिलं. मग आत्यानं मोगऱ्याच्या कळ्या आणवल्या आणि दूध आटावं म्हणून आईच्या छातीवर फडक्यानं घट्ट बांधल्या. त्या वासानं सगळं घर भरून गेलं होतं. पुढे वर्गात मुली मोगऱ्याचे गजरे घालून आल्या की मी आधी खिडक्या उघडायला लावायचे. पाळणा परत गेला. उरला तो लाडवांचा डबा. वाया कशाला घालवायचे म्हणून आत्यानं ते रोज सकाळी मला आणि बाबांना दुधाबरोबर दिले. आम्ही ते खाल्ले. चांगले झाले होते.

आईनं आत्याचं ऐकलं, ती रडली नाही. पण रडण्याबरोबर तिचं बोलणंही गेलं. पहिले काही दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, बाळंतीण दमली असेल असंच सगळे म्हणाले. मग ती कामाला लागली तरी तोंड उघडेना. पीठ मळायची ते गुपचूप. केळीवाली दारात येऊन उभी राहायची, आई तिच्याकडे बघायची आणि आत निघून जायची. जेवायला बसली की पहिल्यांदा दूधभाताचा एक घास, बोटाच्या पेराएवढा, पाटाशेजारी जमिनीवर ठेवायची. आणि दुपारी घरातले जरा कलंडले की राजघाटावर जाऊन गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि काठाकडे बघत राहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनदा लोकांनी तिला हाताला धरून घरी आणलं. त्यांना वाटलं जीव द्यायला गेली.

दुःख दाबलं की ते संपत नाही, दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं, हे आज कुणीही सांगेल. मीही सांगितलंय, फळ्यावर बाण काढून. ज्या दुःखाला आपली माणसं दुःख म्हणूनच मान्य करत नाहीत ते सर्वांत वाईट, हेही शिकवलं. मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत लिहिलं. पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा एवढंच कळत होतं की आई माझ्याकडे बघते आणि मी तिला दिसत नाही. मी तिच्यासमोर जाऊन उगाच भांडी आपटायचे, बांगड्या वाजवायचे, एकदा मुद्दाम हात भाजून घेतला. तिनं हाताला तूप लावलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. मूल कितीही मोठं झालं तरी आपण आहोत की नाही हे आईच्या तोंडाकडे बघूनच ठरवतं. मी त्या दिवसांत हळूहळू नाहीशी होत चालले होते आणि मला फार भीती वाटत होती.

बाबांनी डॉक्टर आणला. त्यानं जीभ पाहिली, नाडी पाहिली, हिस्टेरिया म्हणाला आणि कडू औषधाची बाटली देऊन गेला. जाताना दारात बाबांना हळूच सांगून गेला, फरक नाही पडला तर नागपूर. नागपूर म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिथं वेड्यांना ठेवतात, आणि गेलेलं माणूस परत आल्याचं आमच्या गल्लीत तरी कुणी पाहिलं नव्हतं. आत्याचं निदान निराळं होतं. ती म्हणायची, "जमिनीवर घास कोणाले ठेवते माणूस? मेलेल्याले. हिच्या अंगात कोणीतरी जेवू राहिलं." औषधाची बाटली संपली, आई होती तशीच राहिली, आणि आत्यानं निंबोल्याहून भगत बोलावला.

भर दुपारी माजघराची दारं लावून घेतली. शेजारच्या दोन बायकांनी आईचे दंड धरले. निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या तसा सगळ्यांना ठसका लागला, मी तोंडात पदर कोंबून कोपऱ्यात उभी होते. बाबा ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. भगतानं आईच्या केसांना धरून तिचं तोंड धुराकडे वळवलं.

"बोल, कौन है तू? नाव सांग तुझं. नाव सांगितल्याबिगर सोडणार नाही."

आई खोकत राहिली. त्यानं कडुलिंबाचा फोक मारला, आणखी मारला. "नाव."

"वेणू," आई म्हणाली.

खरं सांगते, माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. कितीतरी दिवसांनी मी तिचा आवाज ऐकत होते. घोगरा झालेला, पण तिचाच. वेणू नावाचं आमच्या घरात, नात्यात कुणी नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भगताला जोर चढला.

"कुठं राह्यते?"

"नदीवर."

"काय पाहिजे तुला?"

"दूध," आई म्हणाली.

भगतानं आत्याकडे बघून मान हलवली. घाटावर बुडालेली बाळंतीण आहे, म्हणाला, जुनी आहे, भुकेली आहे, सहजी निघायची नाही. मग तो आईच्या पाठीत फोक ओढत ओरडायला लागला, "वेणू, निघ. सोड हे झाड. निघ." भुतानं धरलेल्या माणसाला भगत झाड म्हणतात. तेव्हा आईनं ते केलं जे मी अजून विसरले नाही. बायकांच्या हातांतून दंड सोडवून तिनं दोन्ही हात छातीशी आवळून घेतले आणि पाठ पुढे केली, जशी पोटाशी मूल धरलेली बाई मार अंगावर घेते. बायका म्हणाल्या, बघा कशी घट्ट धरून बसलीय.

संध्याकाळपर्यंत गल्लीत कुणालातरी फार वर्षांपूर्वी घाटावर बुडालेली एक वेणू आठवली. दुसऱ्याला ती कुंभाराची सून होती हेही आठवलं. आत्यानं उंबऱ्यावर लिंबू-खिळे ठोकले आणि रोज तिन्हीसांजेला नवा नेम लावला. आईच्या खोलीपासून उंबऱ्यापर्यंत केरसुणी मारत यायची आणि घरातल्या प्रत्येकानं म्हणायचं, "वेणू, निघ." आत्या म्हणायची, बाबा खाली मान घालून म्हणायचे, मीही म्हणायचे. आई भिंतीला टेकून आमच्या तोंडांकडे बघत असायची. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ते डोळे नुसते विनवत होते, आणि कशासाठी ते आम्हाला कळत नव्हतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, निघाली नाही तर तापलेल्या सळईचा डाग द्यावा लागेल, असं भगत सांगून गेला होता. तेवढ्याला मात्र बाबांनी नकार दिला. डाग नाही, म्हणाले, आखाजी होऊ दे, दुसऱ्या दिवशी मी तिला नागपूरला पोचवतो. हे बोलून ते मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धुवत राहिले. स्टेशनपर्यंतच्या टांग्याचं सांगून झालं होतं.

आखाजी उद्यावर आली. आत्या नव्या घागरी आणायला कुंभारवाड्यात गेली होती. घरात मी आणि आई. वैशाखाची दुपार, मागसुद्धा थांबलेले. तिच्या शेजारी बसले आणि मला एकदम असं वाटलं की आता दोनच दिवस ही या भिंतीपाशी असणार. तिच्या अंगात भूत असेल तर असो. परवापासून तेही मिळणार नाही. मी तिचा हात धरला आणि विचारलं, "वेणू, तू कोण आहेस?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "मी कुठली वेणू?" ती म्हणाली. "मी तुझी आई नाही का वं?"

मला रडू फुटलं. "मग वेणू कोण?"

"तुझी बहीण."

"तिचं तर बारसंच झालं नव्हतं."

"मी ठेवलं होतं ना नाव. जल्मली त्याच दिवशी. रोज कानात सांगत होती तिच्या, म्हणजे बारशाले मोठ्यानं हाक मारली तं पोरगी दचकणार नाही." एवढं बोलून तिला धाप लागली. मग म्हणाली, "तुम्ही सगळे तिले निघ म्हणता. मी म्हणते, थांब. नदीवर कुठं निजवली तेही मले मालूम नाही."

"तू सांगितलं का नाहीस, आई?"

"कोणी विचारलं? नाव विचारलं तं त्या भगतानं. म्हणून त्याले सांगितलं."

यानंतर मी मानवी मनाबद्दल पुष्कळ वाचलं, पण या वाक्याच्या पुढे मला कुणी फारसं नेलं नाही.

संध्याकाळी बाबा कचेरीतून आले. मी त्यांना ओटीवरच गाठून सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "मलाही नाही सांगितलं तिनं," म्हणाले. मग म्हणाले, "मीही नाही विचारलं." मी म्हटलं, आत्याला सांगा ना. त्यांनी मान हलवली. "आक्का म्हणेल, भूतच पोरीच्या तोंडून बोलून राहिलं. मग तुलाही धुरीपुढे बसवेल, कुसुम. नागपूरला निदान मारणार नाहीत तिला." मी त्यांच्या अंगावर हात उगारला नाही एवढंच. इतका भला माणूस आणि इतका दुबळा. आयुष्यात मी दुसऱ्यांच्या स्वभावांची कारणं शोधून देत आले, पण बाबांना त्या संध्याकाळसाठी माफ करायला मला फार वर्षं लागली.

आखाजी आमच्याकडे मोठी. माहेरवाशिणींचे झोके आणि गाणी असतात, तसाच तो पितरांचाही दिवस. गेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरलेल्या नव्या घागरी मांडायच्या, वर खरबूज आणि आंबा ठेवायचा, आणि गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून एकेकाच्या नावानं पुरणपोळीचा घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. धूर सरळ वर गेला की ज्याचं त्याला पोचलं. त्या वर्षी मांडे नव्हते. आत्यानं जाड पोळ्या लाटल्या होत्या. बाबा पाटावर बसले, आत्या शेजारी. नावं तिला सगळी तोंडपाठ. ती नाव घ्यायची, बाबा घास टाकायचे. आजोबा, पणजोबा, आजी, एक चुलत काका जो प्लेगात गेला. नावं संपली आणि आत्या पळी खाली ठेवायला लागली तेव्हा मी म्हटलं, "अजून एक राहिली. वेणूची."

आत्याची पळी हातातच राहिली. "काय बोलली?"

"वेणू माझी बहीण आहे. आईनं तिचं नाव ठेवलं होतं. घाटावरची कुणी नाही ती." मी पाटाजवळ सरकले. "उद्या आईला पाठवाल. निदान आज तिला जेवू घाला."

"बारसं नाही झालं त्याले आगारी नसते," आत्या म्हणाली. "त्याले काहीच नसते. हे मी नाही ठरवलं."

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली. बाळ गेलं त्या दिवसानंतर ती सगळ्यांसमोर आपणहून पहिल्यांदाच बोलत होती. "आक्का," ती म्हणाली, "एक घास टाका तिच्या नावानं. मंग मी आपणच जाऊन बसते टांग्यात. तुम्हाले त्रास नाही देणार. एक घास टाका."

बाबांनी ताटातली पोळी मोडली. घास हातात धरून ते आत्याकडे बघत राहिले. टाकवेना आणि खाली ठेववेना. मला वाटलं आता आत्या भगताला बोलावणं धाडणार. तिनं हात पुढे केला, बाबांच्या हातून तो घास घेतला, तुपात बुडवला आणि निखाऱ्यावर टाकला. "वेणूचा," म्हणाली. तूप चरचरलं, धूर वर गेला. आईनं दाराच्या चौकटीला डोकं टेकलं आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मागचे माग थांबले असावेत. ती रडत होती. कुणी तिला थांबवलं नाही. बाबा म्हणाले, "टांग्याचं राहू दे," आणि नागपूरचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. आई पहिल्यासारखी झाली असं मात्र मी लिहिणार नाही. ती बोलायला लागली, कामापुरतं. मांडे तिनं पुन्हा कधी केले नाहीत. माणसं बरी होतात म्हणजे काय होतात, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पण त्या दुपारी आत्या तिथून उठली नाही. धूर संपला तरी ती निखाऱ्याकडे बघत होती. मग कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "मले भी दोन झाले होते." आत्याला मूल झालंच नाही अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती, बाबांचीसुद्धा. "सासरी होती तवा. एक पाच दिवस राह्यलं. एक तं मले पाहूच नाही दिलं, पोरगा होता का पोरगी, तेही नाही सांगितलं. सासू म्हणे, रडली तं ते वर जात नाही. मी नाही रडली."

आई डोळे पुसत पुढे आली, ताटातला घास मोडला आणि आत्याच्या हातात ठेवला. "त्यांच्या नावानं टाका, आक्का."

आत्यानं घास तुपात बुडवला. हात निखाऱ्यावर नेला आणि तोंड उघडलं. मग आईकडे पाहिलं, लहान पोर बघतं तसं.

"काय म्हणून टाकू वं? नावंच नाही ठेवली मी."

"आता ठेवा," आई म्हणाली.

आत्या विचार करत बसली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तूप तिच्या बोटांवरून मनगटावर आलं, तिथून पदरावर गळलं, गोवरीची राख झाली. आमच्या घरातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं जिला पाठ होती, तिला स्वतःच्या मुलांसाठी एकसुद्धा नाव सुचलं नाही.